उतारावरच्या म्हाताऱ्या

कासिमिराचं तोंड वाईट होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला ऐकवायला नको. ला कालेरा गावात तिच्या शिवीतून सुटलेला माणूस नाही. फादर महिन्यातून एकदा येतात आणि प्रवचन लांबवतात, म्हणून चर्चच्या दारात तिनं त्यांनाही झाडलं होतं. माझी मक्याची गिरणी आहे. चुन्यात भिजवलेला मका घेऊन बायका सकाळी माझ्याकडेच येतात, त्यामुळे गावातल्या गोष्टी मला घरबसल्या कळतात. पण कासिमिराची गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आणि आजही तिचं नाव काढलं की मला आधी राग येतो.

ती शेळ्या राखायची. लग्न केलं नाही. बहीण बाळंतपणात गेली, तिचा पोरगा कासिमिराने वाढवला. लिब्रादो त्याचं नाव. शेळीच्या दुधावर आणि शिव्यांवर तो मोठा झाला. "ऊठ रे बोकडा!" ही त्याची सकाळ आणि "झोप मेल्या आता!" ही रात्र. परसात पडला तर आधी दोन शिव्या मिळायच्या, मग गुडघ्याला फुंकर. माझ्या देखत एकदा त्याला तिनं "माझ्या राजा" म्हटलं, तर पोरगा घाबरून रडायला लागला. आपण आता मरणार असं वाटलं त्याला.

दिवसभर ती शेळ्या घेऊन चुनखडीच्या उतारावर असायची. त्या उतारावर म्हाताऱ्या आहेत. म्हणजे निवडुंग, मुठीएवढे गोल, अंगभर पांढरे केस. दगडाच्या फटीत एकीला एक लागून बसतात, चर्चबाहेर बायका बसतात तशा. उपासाच्या महिन्यात, ईस्टरच्या आधी, त्यांच्या डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं येतं आणि नंतर मिरचीसारखी बारीक लाल फळं. आम्ही सगळे ती फळं खाऊनच वाढलो. समोरच्या काळ्या टेकडीवर एक म्हातारी सापडायची नाही. तिकडचा दगड वेगळा. आमच्या आज्या सांगायच्या, म्हाताऱ्यांचं काळ्या टेकडीशी पटत नाही.

दर डिसेंबरला चर्चमध्ये गोठ्याचा देखावा मांडतात. मरिया, योसेफ, बैल, गाढव, मेंढ्या आणि मागे डोंगर. डोंगर खरा वाटावा म्हणून शेवाळ आणि म्हाताऱ्या. प्रत्येक घर दोन-तीन म्हाताऱ्या उपटून आणायचं, आणि मेणबत्त्यांच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, देखावा उतरला की त्या चर्चमागच्या खड्ड्यात जायच्या. त्यावरून कासिमिरा दर वर्षी तोंड सोडायची.

"तुमच्या आज्या उपटून आणा की! त्याही पांढऱ्या केसांच्याच आहेत."

लोक हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "तुझ्या शेळ्या काय कमी तुडवतात?" त्यावर ती म्हणायची, "माझ्या शेळीनं एकदा तोंड घातलं की ओठाला काटे लागतात, ती शिकते. तुमच्या ओठाला काय लावू?"

मग युनिव्हर्सिटीची माणसं आली. चांगली माणसं होती, माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून कॉफी प्यायली. त्यांनी उतार बघितला आणि जाताना सांगितलं, ही म्हातारी या डोंगररांगेबाहेर जगात कुठंही आपणहून उगवत नाही, जपा. आता शहाण्या माणसाला यातून काय कळलं असतं? आमच्या गावाला काय कळलं ते सांगते.

त्या वर्षी बाळ येशूचा यजमान लिब्रादो होता. टेक्सासहून बरीच वर्षं छपरं घालून परतलेला. गाडी आणली होती, पोट आणलं होतं, आणि सेनाइदा नावाची बायको होती, तिला सगळंच कमी वाटायचं. यजमान झालं की गोठा त्यानं मांडायचा. लिब्रादो माझ्या गिरणीत छाती काढून उभा राहिला.

"हेर्मिनिया, जगात कुठं नाही ती वस्तू आपल्याकडं आहे. आणि आपण गोठ्यात दोन-दोन ठेवतो! लाज वाटायला पाहिजे. यंदा अख्खा डोंगर आत आणतो बघ. खालच्या गावचे लोक तोंडात बोटं घालतील."

गावाने माना डोलावल्या. जगात कुठं नाही, म्हणून सगळीच उपटा. असली आमची अक्कल.

आठवड्याभरात उतार बोडका झाला. पहारी घेऊन गेले, गाडी भरभरून आणल्या. वर कड्याला अडकलेल्या काही राहिल्या, तिथं हात पोचला नाही म्हणून. कासिमिरा त्या दिवसांत चीज विकायला खालच्या बाजाराला गेली होती. आली ती थेट उतारावर. मी गिरणीतून तिचा आवाज ऐकला. शब्द कळत नव्हते, पण माझं जातं बंद असूनही कानात घरघर झाली.

ती चर्चमध्ये घुसली तेव्हा लिब्रादो शिडीवर होता. वेदीच्या वरपर्यंत पांढऱ्या केसांचा डोंगर चढला होता. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. तेच तर जास्त संतापाचं.

"उतर खाली, बोकडाच्या!"

"मावशी, बघ तरी—"

"बघितलं! उघडा पडलेला डोंगर बघून आले! माझी आई त्या उतारावर बसायची तेव्हापासून त्या तिथं बसल्यात. तू कोण रे त्यांना उठवणारा? छपरं घालणारा ना तू? मग आपल्या डोक्यावर घाल आधी, पाऊस आत गळतोय!"

"देवासाठीच आणल्यात की."

"देवाला उतारावर दिसत नव्हत्या का? त्याला चष्मा लागलाय?"

लोक हसले, लिब्रादोही हसला. तिच्या शिवीला तो हसायचाच. आणि तिथंच मला कळलं की तिच्या शिव्यांचा काही उपयोग नाही. इतकी वर्षं तिनं त्या वाटल्या होत्या की गावाला त्यांची सवय झाली होती. ती ओरडली म्हणजे सकाळ झाली, एवढंच.

तिलाही ते कळलं असावं, कारण त्यानंतर ती गप्प झाली. नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. खालच्या गावचे लोक आले, त्यांनी तोंडात बोटं घातली. लिब्रादो दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होता.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सकाळी चर्चच्या अंगणात गोड पाव कापत होते. सगळी गर्दी बाहेर. कासिमिरा आत गेली, गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली, आणि गव्हाणीतला बाळ येशू उचलून चीजच्या टोपलीत फडक्याखाली घातला. बाहेर येऊन तिनं पावाचा आपला तुकडाही घेतला. माझ्या शेजारी उभी राहून चावत चावत म्हणाली, "हेर्मिनिया, बाळ माझ्याकडं आहे."

आमच्याकडे बाळ पळवणं ही चोरी नाही, रीत आहे. नाताळ ते मेणबत्त्यांचा सण या दिवसांत कुणीही बाळ पळवावं. यजमानानं वाजतगाजत त्याला शोधावं, चोरानं अट घालावी, यजमानानं ती पुरी करावी, मग दोघांनी मिळून बाळ परत गव्हाणीत ठेवावं. अट म्हणजे काय, तर पानात उकडलेले मक्याचे तामाले, गाणीबजावणी, एखादी बाटली. आणि दोघांनी बाळाला एकत्र हात लावला की ते जन्माचे धर्माचे नातेवाईक, पुरुष असेल तर कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे. ते नातं रक्ताच्या वरचं. सख्खे भाऊ कोम्पाद्रे झाले तरी अरे-तुरे संपतं. मग "तुम्ही" म्हणायचं, वाटेत भेटलं की टोपी काढायची, आणि भांडायचं नाही. कोम्पाद्रेला शिवी दिली तर ती बाळाला लागते, असं आमच्यात मानतात.

म्हणून मी तिला तिथंच कोपऱ्यात ओढलं. "वेडी झालीस का? बाळ परत दिलंस की तो तुझा कोम्पाद्रे होईल. लिब्रादो! पुन्हा त्याला एक शब्द बोलता यायचा नाही तुला. त्याला शिव्या दिल्याशिवाय तुझा दिवस जातो का?"

"नाही जात," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. म्हाताऱ्या वर जातील. तोंड बंद ठेवीन."

संध्याकाळी लिब्रादो गिटारवाले आणि व्हायोलिनवाला घेऊन तिच्या दारात आला, मागे अर्धं गाव. तो भलताच खूश होता. मावशीनं बाळ पळवलं म्हणजे राग गेला असं त्याला वाटलं. दारात उभं राहून रीतीप्रमाणे गायले, बाळ कुठं, बाळ कुठं. कासिमिराने दार उघडलं.

"काय पाहिजे मावशी, बोल! तामाले गोड का तिखट?"

"प्रत्येक म्हातारी उतारावर परत. जिथून काढली तिथं."

व्हायोलिन एकटंच थोडा वेळ वाजत राहिलं, मग त्यालाही कळलं.

"मस्करी करते," लिब्रादो गर्दीला म्हणाला.

"मी कधी मस्करी केलेली आठवते तुला?"

सेनाइदा पुढं आली. "ही कुठली अट? खाण्यापिण्याची अट असते. मी तर त्या कुंड्यांत लावणार आहे, व्हरांड्यात ओळीनं. टेक्सासमध्ये लोक अशी शोभा करतात."

"तुझ्या व्हरांड्यात तूच शोभ बाई. तेवढं बास आहे."

"मावशी, लोकांपुढं माझी इज्जत—"

"तुझी इज्जत मी धुतली आहे रे, रोज, झऱ्यावर, तुला लंगोट होता तेव्हापासून. जा."

दार बंद झालं. पुढचे दिवस वाईट होते. गव्हाण रिकामी. लोक म्हणायला लागले, मेणबत्त्यांच्या सणाला बाळाला नवे कपडे घालून उभं केलं नाही तर पाऊस लागणार नाही. ज्या बायका तिच्याकडून वर्षानुवर्षं चीज घेत होत्या त्या तिचं घर टाळून जाऊ लागल्या. माकारियो, चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा, तिच्या दारापुढं थुंकला. आणि याच लोकांना डोंगर बोडका झाला तेव्हा थुंकावंसं वाटलं नव्हतं! माझ्या गिरणीत एक जण म्हणाली, "चार काट्यांसाठी देवाला ओलीस ठेवलंय बयेनं." मी तिचा मका तसाच परत केला. म्हटलं, हातानं वाट जा पाट्यावर.

कासिमिरा बाळाला घेऊन शेळ्यांमागे जायची. टोपलीत बाळ, वर फडकं. ऊन लागू नये म्हणून आपली टोपी त्याच्यावर ठेवायची. कुणी काही बोललं तर उत्तर देत नव्हती, आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी लिब्रादो मऊ पडला. सणाच्या आदल्या दिवशी गिरणीत येऊन भिंतीला टेकला. "रात्रभर डोळा लागत नाही," म्हणाला. "ती मला शिवी पण देत नाही आता, हेर्मिनिया. वाटेत भेटली तर नुसती बघते. सांग तिला, उद्या सगळ्या वर नेतो."

आणि नेल्या. हे मात्र मान्य करायला हवं, मनापासून नेल्या. सणाच्या सकाळी सगळं गाव उतारावर. गाड्या, गाढवं, टोपल्या, खाली तामाल्यांची वाफाळती भांडी. ज्यांनी पहारींनी उपटल्या होत्या तेच आता हातांनी खड्डे करत होते. म्हाताऱ्या सुरकुतल्या होत्या, केस मळले होते, मुळं तुटलेली. लिब्रादोनं गाडीतून पाण्याची मोठी टाकी आणली होती. तो कासिमिराजवळ जाऊन उभा राहिला.

"मावशी, पाणी घालायचं ना?"

तिनं एक म्हातारी हातात घेतली, अंगठ्यानं दाबून बघितली. आयुष्य तिचं त्यांच्यात गेलं होतं, पण पाणी कधी कुणी घातलंय उतारावर? ते आभाळाचं काम.

"बिचाऱ्या किती दिवसांच्या तहानलेल्या आहेत," ती म्हणाली. "घाला. पोटभर घाला."

बादल्या वर गेल्या. बायकांनी एकेकीच्या बुडाशी ओंजळी ओतल्या. सेनाइदानंसुद्धा. दुपारी शेवटची लागली आणि कासिमिराने टोपलीवरचं फडकं काढलं. दोघांनी बाळाला हात लावला. गिटारी वाजल्या.

"कोमाद्रे," लिब्रादो म्हणाला, टोपी काढून. त्याचे डोळे भरले होते.

"कोम्पाद्रे," ती म्हणाली. "तुम्ही शब्द पाळलात."

तिच्या तोंडचं ते "तुम्ही" ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

त्यानंतर ते खरंच तसे वागायचे. तो तिच्यासाठी लाकडं आणायचा, दाराबाहेर उभा राहायचा, ती खुर्ची द्यायची. "बसा कोम्पाद्रे." "नको कोमाद्रे, तुम्हाला त्रास." मला हसू यायचं आणि चीडही यायची. दोघांची जीभ बांधल्यासारखी झाली होती. तो गेल्यावर ती शेळ्यांना शिव्या द्यायची, पण त्यांत पूर्वीची मजा नव्हती.

उपासाचा महिना लागला आणि एका सकाळी लिब्रादो धावत गिरणीत आला, धाप लागलेली. कासिमिरा मका घेऊन रांगेतच होती.

"कोमाद्रे! फुलल्या! सगळ्या फुलल्या! चला, आत्ताच्या आत्ता चला!"

गिरणी तशीच टाकून मीही गेले. आणि खरंच, सबंध उतार गुलाबी. प्रत्येक पांढऱ्या डोक्याभोवती कडं. असा बहर मी जन्मात बघितला नव्हता. लिब्रादो लहान पोरासारखा पुढं पळत होता. "बघा ना! देवानं माफ केलं आपल्याला! मी म्हटलं होतं ना, लागतील!"

कासिमिरा हसली. मी शपथेवर सांगते, हसली. ती वाकली आणि केसांत अडकलेला वाळका काटकीचा तुकडा काढायला एका म्हातारीला हात लावला.

म्हातारी कलंडली. फुलांसकट. खाली मूळच नव्हतं, नुसता तपकिरी लगदा, आणि सडक्या भोपळ्याचा वास आला. कासिमिराने दुसरीला हात लावला. तिसरीला. अंगात उरलंसुरलं होतं त्याच्यावर फुललेल्या, आणि बुडापासून कुजलेल्या. तुटलेल्या मुळांवर आम्ही ओंजळी ओंजळी पाणी ओतलं होतं. लिब्रादोही आता धावत सुटला होता, एकेक उचलत, टाकत, उचलत. कड्याला राहिलेल्या सोडल्या तर एकही धड नव्हती.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात लगद्यानं बरबटलेले, बोटांना गुलाबी पाकळ्या.

"मी केलं," तो म्हणाला. "पाणी मी आणलं. उपटल्या मी."

"पाणी घाला, मी म्हटलं," कासिमिरा म्हणाली.

"मला बोला काहीतरी."

तिचा चेहरा लाल झाला होता, गळ्याची शीर उडत होती. मी तिला ओळखते. सगळं तोंडापर्यंत आलं होतं, बोकड, करपलेलं तोंड, त्याची छपरं, त्याची गाडी, सगळं.

"द्या ना शिवी! एक द्या! तुमच्या पाया पडतो, द्या!"

मी तिच्या दंडाला धरलं. "दे गं. देव काय करणार आहे? दे!"

तिनं माझा हात सोडवला. पदरासारखी शाल नीट केली, कपडे झटकले.

"ऊन चढलं, कोम्पाद्रे," ती म्हणाली. "घरी जा तुम्ही. बायको जेवायची थांबली असेल."

आणि ती उतार उतरायला लागली. मला तिचा असा संताप आला, असा, की बोलू नये. एक शिवी! पोरानं पदर पसरून मागितलेली एक शिवी! काय गेलं असतं तुझं?

लिब्रादो त्या सडलेल्या फुलांत गुडघ्यांवर बसला होता.

"मावशी!" त्यानं मागून हाक मारली. "ए मावशी!"

कोम्पाद्रेनं अशी हाक मारायची नसते. ती थांबली नाही.